तालुक्याच्या गावी डोळ्यांचं हॉस्पिटल टाकताय? मशीन घेण्याआधी हे वाचा

एमएस झालं, फेलोशिप झाली, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरीही करून झाली आणि आता गावाकडे जाऊन स्वतःचं काहीतरी टाकायचंय, अशा ज्युनिअर मंडळींचे मला वरचेवर फोन येतात, आणि पहिला प्रश्न जवळपास सगळ्यांचा तोच असतो, मॅडम सुरुवातीला कुठलं मशीन घेऊ. मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते, त्यामुळे खाली जे लिहितेय ते त्या हिशोबाने घ्या, मुंबई-ठाण्यात भाड्याचं आणि पेशंटचं गणितच वेगळं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नवीन मशीन आलं म्हणून नवीन पेशंट येतात हे कंपनीचा माणूस सांगतो, प्रत्यक्षात मशीनचा खरा उपयोग असतो तो आपल्या दारात आधीच येणारा पण आपल्याकडे सोय नाही म्हणून पुढे सोलापूर-पुण्याला जाणारा पेशंट इथेच थांबवण्यासाठी. तो पेशंट किती आहे हे ज्याला माहीत आहे त्याने मशीन घ्यावं, बाकीच्यांनी थांबावं. आता जिल्ह्याच्या गावांतसुद्धा साखळी हॉस्पिटलं आलीत, त्यांच्यामागे मोठ्या फंडांचा पैसा आहे, डॉ. अगरवाल्सचा तर २०२५ मध्ये आयपीओसुद्धा आला. त्यांच्याशी मशीनच्या यादीवर टक्कर घ्यायला जाऊ नका. आणि साखळी म्हणजे अमरपट्टा असंही काही नाही हं, वासन आय केअरने देशभर शंभरावर सेंटर उघडली, कर्जात बुडाली आणि शेवटी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून ती एएसजी या दुसऱ्या साखळीकडे गेली. भराभर वाढायच्या नादात हप्ते अंगावर येणं हे मोठ्यांचंही होतं आणि आपलंही.

पायरी १: आधी वही, मग कोटेशन

साधी शंभर पानी वही घ्या आणि ओपीडीच्या टेबलावर ठेवा. ज्या पेशंटला तुम्ही बाहेर पाठवलं त्याची एक ओळ लिहायची. तारीख, काय त्रास, कुठली तपासणी किंवा ट्रीटमेंट इथे नव्हती, कुठे पाठवला, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना, परत आला का. किमान तीन महिने हे करा, आणि जमलं तर त्यातला एक महिना दिवाळीनंतरचा आणि एक पावसाळ्यातला येईल असं बघा, कारण आपल्याकडे सीझन असतो (त्यावर पुढे बोलते).

ही वही उघडून बसलात की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसतात. समजा महिन्याला चाळीस डायबिटीसवाले ओसीटीसाठी (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा स्कॅन) बाहेर पाठवले आणि त्यातले दहाच रिपोर्ट घेऊन परत आले, तर बाकी तीस एकतर कुठे गेलेच नाहीत आणि घरी बसून नजर घालवतायत, किंवा गेले आणि तिकडेच इंजेक्शन घेऊन तिकडचेच झाले. दोन्हीही वाईट, पण दोन्हीवर उपाय वेगळा. जे गेलेच नाहीत त्यांना बसभाडं, सोबत यायला मुलाची रजा, दिवसाची मजुरी, हे आडवं येतं, त्यांना गावात सोय झाली तर ते नक्की करतात. जे तिकडेच राहिले त्यांना तिकडे रेटिना स्पेशालिस्ट भेटला, आणि नुसतं ओसीटी मशीन आणून ते परत येणार नाहीत, मशीनसोबत रेटिनाचा माणूसही लागेल. हा फरक वहीशिवाय कळत नाही, अंदाजाने तर अजिबात नाही.

पायरी २: यादीत वर काय, खाली काय

स्लिट लॅम्प, इनडायरेक्ट, २० आणि ९० डीच्या लेन्स, ऑटोरेफ, अ‍ॅप्लनेशन टोनोमीटर हे सगळे घेतातच, त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की स्लिट लॅम्पमध्ये पैसे वाचवू नका, दिवसभर त्यातूनच बघायचंय.

पुढची गंमत अशी की ज्या वस्तूंनी रिझल्ट खरंच सुधारतो त्या पेशंटला दिसत नाहीत, आणि ज्या पेशंटला दिसतात त्यातल्या काहींनी रिझल्टला फारसा फरक पडत नाही. बायोमेट्रीचंच उदाहरण घ्या, म्हणजे बसवायच्या लेन्सची पॉवर काढायला डोळ्याची लांबी मोजणं. ए-स्कॅनचा (अल्ट्रासाउंडने लांबी मोजायचं मशीन) प्रोब कॉर्नियाला टेकवला की थोडा दाब पडतोच, डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, आणि मापात १ मिमीची चूक म्हणजे साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा घोळ. ऑपरेशन एकदम देखणं झालं तरी त्या आजोबांना लांबचं धूसर दिसणार आणि गावात ते सांगणार की मॅडमनी ऑपरेशन केलं पण दिसत नाही. म्हणून माझ्या मते फेकोच्या (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू काढायचं मशीन) खालोखाल पैसा जायला हवा तो प्रकाशाने मोजणाऱ्या ऑप्टिकल बायोमीटरवर. ते लगेच परवडत नसेल तर ए-स्कॅन इमर्शन पद्धतीने, म्हणजे मध्ये पाणी ठेवून, करायला शिका, त्यासाठीचा शेल स्वस्तात मिळतो आणि दाब पडत नाही. आणि बायोमीटर आला तरी ए-स्कॅन विकू नका, कारण आपल्याकडे अजूनही पांढराफट्ट पिकलेला मोतीबिंदू घेऊन लोक येतात आणि त्यातून ऑप्टिकल मशीनचा प्रकाश आरपार जातच नाही. लेन्सची पॉवर काढायला बॅरेटसारखे नवे फॉर्म्युले इंटरनेटवर फुकट आहेत, तेवढं तरी वापरा.

फेको घ्यायचंच, आज त्याशिवाय चालणार नाही, इन्शुरन्सवाला पेशंट तर तेच मागतो. पण एसआयसीएसचा, म्हणजे फेको मशीनशिवाय छोट्या छेदातून मोतीबिंदू काढण्याचा, हात जाऊ देऊ नका. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात दोन्हींची तुलना करणारा ट्रायल झाला होता, २००५ मध्ये छापून आला, त्यात सहा आठवड्यांनी चष्मा लावून दिसणारी नजर दोन्ही गटांत सारखीच निघाली, चष्म्याशिवायच्या नजरेत फेको थोडी पुढे होती, आणि खर्चात एसआयसीएस बरंच स्वस्त. म्हणजे ज्याला परवडत नाही त्याला एसआयसीएस केलं तर आपण त्याला कमी प्रतीचं काही देत नाही. शिवाय फेको मशीन मध्येच बंद पडलं, लाइट गेली, मोतीबिंदूचं न्यूक्लियस (गाभा) फारच कडक निघालं, तर शेवटी तोच हात उपयोगी येतो. सुरुवातीला भारतीय बनावटीचं फेको मशीन घेतलं तरी काही बिघडत नाही, चेन्नईच्या अप्पासामी कंपनीची मशीनं कित्येक गावांत वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि सुटे भाग चटकन मिळणं हे फ्लुइडिक्सच्या दोन जादा फीचरपेक्षा जास्त कामाचं.

आता फेम्टो. लेझरने मोतीबिंदू, ब्लेडशिवाय, वगैरे. याची जाहिरात शहरात जोरात आहे म्हणून नवीन डॉक्टरला वाटतं आपण मागे पडतोय. फ्रान्समध्ये फेम्कॅट नावाचा मोठा ट्रायल झाला, २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आला, त्यात फेम्टो नेहमीच्या फेकोपेक्षा सरस ठरली नाही आणि खर्च मात्र वाढला. ब्रिटनमधल्या ट्रायलचा सूरही साधारण तोच. मशीनची किंमत बाजूला ठेवा, प्रत्येक डोळ्यामागे लागणारी डिस्पोजेबल किट आणि मेंटेनन्स धरलात तरी तालुक्याच्या ठिकाणी हे गणित बसत नाही. विषय संपला.

उलट ज्याची कोणी फारशी जाहिरात करत नाही ते एसएलटी बघा, म्हणजे काचबिंदूत डोळ्याचं प्रेशर कमी करणारं लेझर. काचबिंदूच्या पेशंटला आयुष्यभर ड्रॉप घालायला सांगणं सोपं, पण आपल्याकडे बाटली संपली की पुढची बाटली महिन्याभराने येते, कधी येतच नाही, आणि दुखत नसल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. ब्रिटनच्या लाइट ट्रायलमध्ये (२०१९, तोही लॅन्सेटमध्ये) सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांचं प्रेशर तीन वर्षांनीही ड्रॉपशिवाय हव्या त्या पातळीवर होतं. याग लेझर आणि एसएलटी एकाच मशीनमध्ये मिळतात. याग तुम्हाला तसंही लागणारच, मोतीबिंदूनंतर लेन्समागची पातळ पिशवी गढूळ होतेच काही जणांची, त्यामुळे याग घेताना एसएलटीसकटचं कोटेशन मागून दोन्हीतला फरक किती ते बघा. दर महिन्याला काचबिंदूचे नवीन पेशंट दोन-चारच असतील तर मात्र साधं याग घ्या.

ओसीटी, फंडस कॅमेरा (डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा), ग्रीन लेझर (त्या पडद्यावर मारायचं) हा डायबिटीसचा गट. देशात दहा कोटींवर डायबिटीसवाले आहेत असं आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीने सांगितलं, आणि त्यातले पुष्कळ जण कधीही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेले नसतात. इथे माझा क्रम असा: आधी कॅमेरा, मग ग्रीन लेझर, मग ओसीटी. कॅमेरा स्वस्त असतो, हातात धरायचाही मिळतो, आठवड्यातून एक दिवस तो गावातल्या फिजिशियनच्या क्लिनिकवर नेता येतो, आणि पेशंटला स्वतःच्या पडद्यावरचे लाल ठिपके स्क्रीनवर दाखवले की दहा मिनिटांचं लेक्चर वाचतं. कॅमेऱ्यातच एआय असलेले प्रकार आता आलेत, ते चाळणी म्हणून ठीक आहेत, पण मोतीबिंदूमुळे फोटो धूसर आला तर एआय हात वर करतं आणि आपल्याकडे नेमके तेच पेशंट जास्त. तेव्हा बाहुली मोठी करून स्वतः बघण्याला पर्याय नाही.

आणि एक वस्तू जी कुणी यादीतच धरत नाही, चांगला क्लास बी ऑटोक्लेव्ह (ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणारा). एकाच दिवशीच्या तीन पेशंटना इन्फेक्शन झालं तर तुमच्याकडे जगातलं सगळ्यात भारी फेको असलं तरी हॉस्पिटलला कुलूप लागतं, पेपरात नाव येतं ते वेगळंच. पोव्हिडोन आयोडीन ५ टक्के ऑपरेशनच्या आधी, आणि ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक. युरोपातल्या ईएससीआरएस या डोळ्यांच्या सर्जनांच्या संस्थेच्या अभ्यासात (२००७) सेफुरॉक्झिम हे अँटिबायोटिक आत दिल्याने एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतलं इन्फेक्शन, जवळपास पाचपट कमी झालं होतं. आपल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सासिन जास्त वापरतात. काही रुपयांची वायल आहे, आणि तिच्याएवढी कमाई करून देणारं मशीन मी तरी पाहिलेलं नाही.

पायरी ३: कागदावर हिशोब

इथे खरे आकडे घालून करू. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या कोटेशनचे टाकून बघा. ओसीटी २५ लाखांना मिळालं, सगळं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के. हप्ता येतो साधारण ५४,४००. वॉरंटी संपल्यावर सीएमसी (पार्टसकट देखभालीचा करार) किमतीच्या ६ टक्के धरलं तर वर्षाला दीड लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ७७ हजार, महिन्याला पावणेपंधरा हजार. वॉरंटीत हे लागत नाही पण पहिल्या दिवसापासून बाजूला टाका. टेक्निशियनचा अर्धा पगार ८ हजार, वीज, यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रिंट वगैरे ३ हजार. झाले महिन्याला ८० हजार. स्कॅनचे १,२०० घेतले तर ६७ स्कॅन, म्हणजे २५ दिवसांत रोज पावणेतीन, तेही नुसते बरोबरीत सुटायला. शेजारच्या गावात कोणी ८०० घेत असेल आणि तुम्हालाही तेवढेच घ्यावे लागले तर रोज चार. आता वही उघडा आणि बघा की रोज चार पेशंट असे येतात का ज्यांना ओसीटी खरंच लागतं.

"खरंच" यावर जोर देतेय. कारण हप्ता सुरू झाला की माणसाचा हात आपोआप फॉर्मवर ओसीटीची टिक करायला लागतो, हे चांगल्या चांगल्यांचं होतं. म्हणून मशीन यायच्या आधीच लिहून ठेवा की कुणाला स्कॅन करायचा, आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा.

टॅक्सबद्दल दोन गोष्टी, सीएकडे जाण्याआधी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे आपली आरोग्यसेवा जीएसटीमधून मुक्त आहे, ऐकायला छान वाटतं, पण त्यामुळे मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवरचा दर ५ टक्क्यांवर आला हे बरं झालं, जुनं कोटेशन पडून असेल तर नवीन मागवा. दुसरी म्हणजे मार्च एंडिंग. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीचा माणूस हमखास येणार आणि म्हणणार, मॅडम आत्ता घ्या टॅक्स वाचेल. साधारण मशिनरीवर घसारा १५ टक्के, आणि त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याचा निम्मा. २५ लाखांवर साडेसात टक्के म्हणजे १ लाख ८७ हजार, त्यावर ३० टक्क्यांनी वाचणारा टॅक्स छप्पन्न हजार. म्हणजे जेमतेम एक हप्ता वाचवायला तुम्ही साठ हप्ते डोक्यावर घेणार. आणि जे डॉक्टर ५० टक्के नफा धरून सरसकट टॅक्स भरण्याच्या योजनेत आहेत, म्हणजे जुन्या कायद्यातलं ४४एडीए, त्यांना घसारा वेगळा मिळतच नाही, तो त्या ५० टक्क्यांतच धरलेला असतो. नवीन हॉस्पिटलचा खर्च जास्त असेल तर त्या योजनेत राहायचं की हिशोबाच्या वह्या ठेवून ऑडिट करून घ्यायचं हे सीएबरोबर बसून ठरवा.

आता सीझन. थंडीत ऑपरेशन चांगलं, पावसात डोळा पिकतो, ही समजूत अजून घट्ट आहे, कितीही समजावलं तरी. त्यात ऊस, सोयाबीन, द्राक्षं यांचे पैसे हातात येण्याच्या वेळा ठरलेल्या. त्यामुळे दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑपरेशन थिएटर भरलेलं आणि पेरणीपासून पुढे तीन महिने शुकशुकाट. बँकेला याच्याशी काही देणंघेणं नाही, हप्ता पाच तारखेला जाणारच. तीन-चार हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात पडून असल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका, आणि मशीनची डिलिव्हरी ऑक्टोबरच्या आसपास घ्या म्हणजे पहिले काही हप्ते सीझनच्या पैशातून सुटतात. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत बसवून वापरायला सुरुवात झाली तर वरचे १८० दिवसही जमतात, हा जाता जाता फायदा.

पायरी ४: कंपनीशी बोलणी

डेमो कंपनीच्या सेंटरवर बघायचा नाही, आपल्या ओपीडीत आपल्या पेशंटवर बघायचा, निदान चार-पाच दिवस. मान स्थिर न ठेवू शकणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा स्कॅन येतो का हे शोरूममध्ये कळत नाही.

एएमसी आणि सीएमसीतला फरक नीट समजून घ्या. एएमसीमध्ये इंजिनिअर येऊन बघून जातो, पार्टचे पैसे तुमचे. सीएमसीमध्ये पार्टही येतात, पण काय काय वगळलंय ती यादी बारीक अक्षरात असते आणि नेमका फेकोचा हँडपीस, लेझरची कॅव्हिटी, बॅटरी, फूटस्विच त्या यादीत सापडतो. हँडपीसची किंमत आधीच विचारून ठेवा. सीएमसीचा दर पुढच्या सात-आठ वर्षांसाठी आत्ताच पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून घ्या, मशीन घ्यायच्या आधी तुमचं वजन असतं, नंतर नसतं. इंजिनिअर कुठे बसतो, पुण्यात की मुंबईत की चेन्नईत, आणि मशीन बंद पडलं तर किती तासांत येणार आणि तोवर बदली मशीन देणार का, हेही लिहूनच. तोंडी आश्वासन देणारा माणूस वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

"मशीन फुकट, फक्त आमच्या लेन्स वापरा" ही ऑफर तुम्हाला येईलच. ती नेहमी वाईटच असते असं नाही, भांडवल नसलेल्या माणसाला तो एक रस्ता आहे. फक्त तीन आकडे काढा: वर्षाला किती लेन्स उचलायच्या, त्याच लेन्सचा बाजारभाव आणि तुम्हाला लावलेला भाव यांतला फरक किती, आणि लेन्स कमी उचलल्या तर दंड काय. फरक गुणिले लेन्स गुणिले वर्षं केलं की त्या फुकट मशीनची खरी किंमत समोर येते, कधीकधी विकत घेण्यापेक्षा जास्त निघते. आणि अशा करारात सगळ्या पेशंटना एकाच कंपनीची लेन्स जाणार, ते तुम्हाला पटतंय का तेही स्वतःला विचारा.

जुनं मशीन घेणार असाल तर मूळ बिल आणि इम्पोर्टची कागदं, लेझर असेल तर शॉट काउंट, ओसीटी असेल तर सॉफ्टवेअर कुठल्या विंडोजवर चालतं, आणि मूळ कंपनी या सिरियल नंबरला सीएमसी द्यायला तयार आहे असं पत्र. पत्र नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

बाकी ऑनलाइन यूपीएस, अर्थिंग, एसी हे मशीनच्या किमतीतच धरा. आमच्याकडे धूळ आणि व्होल्टेज, कोकणात आणि गोव्यात दमट हवा. तिकडे मायक्रोस्कोपच्या लेन्सला बुरशी धरते, डीह्युमिडिफायर आणि सिलिका जेल हा खर्च तिकडच्यांनी टाळू नये.

पायरी ५: सगळं आपल्याच छताखाली कशाला

नवीन लोकांना हे आवडत नाही पण सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो. गावात आणि आसपास तीन-चार डोळ्यांचे डॉक्टर असतील तर ओसीटी आणि फील्ड मशीन (नजरेचा घेर तपासणारं) सगळ्यांनी मिळून एका जागी ठेवा. वरच्या हिशोबातले ६७ स्कॅन एकट्याला जड जातात, चौघांना प्रत्येकी सतरा पडतात, ते सहज होतात. भागीदारीचा किंवा एलएलपीचा कागद वकिलाकडून करून घ्या, त्यात कोण किती भांडवल घालणार, रिपोर्टवर सही कोणाची, एखादा बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा, हे आजच लिहा, मैत्री आहे म्हणून सोडू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा. नफा भांडवलाच्या प्रमाणात वाटायचा, कोणी किती पेशंट पाठवले त्यावर नाही. पेशंट पाठवण्याचे पैसे म्हणजे कट, आणि २००२ च्या एथिक्स रेग्युलेशननुसार तो घेणंही चूक आणि देणंही चूक. फिजिशियनकडे कॅमेरा नेता तेव्हाही हेच. त्यांना रिपोर्ट वेळेवर आणि नीट भाषेत द्या, त्यांना त्याचीच जास्त गरज असते.

रेटिना सर्जन महिन्यातून दोनदा बोलवा. इंजेक्शनचे पेशंट त्या दिवशी एकत्र बोलावले की त्यांचाही फेरा सार्थकी लागतो आणि आपला पेशंट गावातच राहतो. ज्यांना विट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतला जेल काढायचं ऑपरेशन) लागते त्यांना मात्र मोठ्या ठिकाणीच पाठवायचं. चष्मा घालवायच्या लॅसिक, स्माइलचं मशीन एकट्याने घेण्याचा विचारही करू नका, सोलापूर-पुण्याच्या सेंटरवर स्वतः जाऊन आपल्या पेशंटचं करून या, वापराचे ठरलेले पैसे त्यांना द्या.

पायरी ६: कागदपत्रं

थोडक्यात: नर्सिंग होम रजिस्ट्रेशन, जैविक कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळाचं ऑथोरायझेशन आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार, फायर एनओसी, एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि त्याचे क्रेडिट पॉइंट. बी-स्कॅन हे शेवटी अल्ट्रासाउंडच, त्यामुळे घेण्याआधी पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा) काय लागतं ते जिल्ह्याच्या ऑफिसला लेखी विचारा आणि लेखी उत्तर फाइलला लावा.

जाहिरात जपून. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, फी जाहीर केली, अशा मोजक्या गोष्टी जाहीर करता येतात. "जिल्ह्यात प्रथमच अमुक मशीन" असं चौकात फ्लेक्सवर लावणं त्यात बसत नाही, वाढदिवसाच्या फ्लेक्सशेजारी ते दिसतंही वाईट.

पायरी ७: पेशंटशी दराचं बोलणं

पेशंट विचारणार, मॅडम लेझरने करता ना. सरळ सांगा की फेको अल्ट्रासाउंडवर चालतं, लेझर नाही, छोटा छेद असतो आणि टाका सहसा लागत नाही. लोकांना खरं सांगितलेलं समजतं. दराचा बोर्ड भिंतीवर लावा, एसआयसीएस, फेको साध्या फोल्डेबल लेन्ससह, फेको भारी लेन्ससह, आणि प्रत्येकात काय धरलंय ते. नंतर औषधाचे वेगळे, तपासणीचे वेगळे असं झालं की गावात बोभाटा होतो.

महाग लेन्सबाबत माणूस बघून बोला. चष्म्याचा सिलिंडर नंबर जास्त असेल तर टोरिक लेन्सचा खरंच फायदा आहे, ती जरूर सुचवा. मल्टिफोकल (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स) मात्र रात्री ट्रक चालवणाऱ्याला, रात्री पाणी द्यायला मोटरसायकलवर शेतात जाणाऱ्याला देऊ नका, समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसतात आणि मग तो तुम्हाला शिव्या घालतो, घालणारच. मोतीबिंदूसोबत पडदाही खराब असेल तर आधी लिहून, वाचून दाखवून, नातेवाइकाची सही घेऊन मगच ऑपरेशन.

इन्शुरन्सच्या पेशंटला पॉलिसी किती जुनी आहे ते आधी विचारा, मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो आणि रकमेला मर्यादाही असते. कॅशलेसचे पैसे उशिरा येतात, तेव्हा त्या येणाऱ्या पैशांवर हप्त्याची भिस्त ठेवू नका. माझं मत, एकूण उत्पन्नात कॅशलेस पाव हिश्श्याच्या वर गेलं की ताण सुरू होतो.

पायरी ८: मशीन चालवणारी माणसं

शहरातून ऑप्टोमेट्रिस्ट आणाल, तो सहा महिन्यांत परत जाईल, त्याची चूक नाही, वय तरुण, गावात करणार काय. गावातल्याच बारावी झालेल्या दोन मुलींना शिकवा, दोन म्हणतेय कारण एकीचं लग्न ठरलं की मशीनला झाकण घालायची वेळ येऊ नये. ए-स्कॅन, बायोमीटर, कॅमेरा, ओसीटी दोघींनाही सगळं यायला हवं. कंपनीचं ट्रेनिंग त्यांना द्यायला लावा, नुसतं डॉक्टरला नाही. पगार वेळेवर आणि दरवर्षी वाढ. एका अनुभवी मुलीच्या जाण्याने जेवढे स्कॅन वाया जातात तेवढ्यात तिची दोन वर्षांची पगारवाढ निघते.

तुमचं स्वतःचं शिकणंही यातच धरा. फेकोत नवीन असाल तर बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवा, सुरुवातीला मऊ मोतीबिंदू निवडा, सीनिअरला शेजारी उभं करा, आणि कॅप्सूल (लेन्सची पिशवी) फाटली तर व्हिट्रेक्टर लावता येतो का, तो चालू स्थितीत आहे का, हे पहिल्या केसच्या आधी बघा.

मशीन येऊन वर्ष झालं की पहिल्या वहीशेजारी दुसरी ठेवून बसा. किती वापर झाला, किती पैसे आले, बाहेर जाणाऱ्यांचे रकाने कमी झाले का. मोतीबिंदूच्या शेवटच्या शंभर केसची चष्म्याशिवायची नजर काढून बघा, त्यात बायोमीटरने फरक पडला का ते दिसेलच. एखादं मशीन ठरवलेल्या वापराच्या निम्म्यावरही पोचलं नसेल तर ते तसंच कोपऱ्यात ठेवून नवीन घेऊ नका. शेजारच्या डॉक्टरांना वापरायला द्या, आठवड्याचे दोन दिवस त्यांचे ठरवा, नाहीतर सीएमसी चालू असेपर्यंतच विकून टाका. सीएमसी संपलेलं मशीन विकायला काढलं की घेणारा आधी तेच विचारतो आणि किंमत पाडतो.